तांतचं गेलेलं शहर

पोरगी पलंगावर नव्हती.

मी हॉलमध्ये फोनपाशी होते, यांच्या ऑफिसात लावत होते, एंगेज, परत लावला, परत एंगेज, म्हणून तसाच टाकून आत आले तर पलंगावर नुसतं दुपटं. आत्ता इथं होती. डोळे पांढरे झालेले, मुठी आवळलेल्या, अंग लाकडासारखं कडक आणि तापानं नुसता तवा. आणि आता नाहीच. तेवढ्यात बाथरूममधून पाण्याचा आवाज आला. मी धावले. तर म्हातारी गुडघ्यावर बसलेली, पुढ्यात आमचा कपड्यांचा निळा टब, आणि माझी पोर तिच्या दोन्ही हातांत उघडी. आणि तिनं तिला पाण्यात घातली हो. पुरती. डोक्यासकट. वर काढली, काहीतरी पुटपुटली, परत घातली. मी ओरडले, काय ओरडले ते आठवत नाही, पण माझे पाय जागचे हलेनात. तिसऱ्यांदा घातली. वर काढली तशी मी झडप घातली, पोर ओढून घेतली आणि तिला असं ढकललं की ती नळावर जाऊन आपटली. खांद्याला लागलं तिच्या. पण हूं नाही की चूं नाही. मला म्हणाली, "खलास. अब डर नहीं. नाम हो गया."

नाम हो गया! माझं लेकरू हातातून चाललंय आणि ही म्हणते नाव झालं.

आता ही बाई कोण ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल कुणी चेटकीणच होती.

दुबईत करामा म्हणून भाग आहे, तिथं आम्ही तिच्या घरात राहायचो. फ्लॅट भाड्याचा, पण तिच्या नावावर, त्यातली एक खोली आम्हाला दिलेली. किचन, बाथरूम, फोन सगळं दोघींत. हे एका ट्रेडिंग कंपनीत स्टोअरकीपर. मी नववी. म्हणजे नववीला बसले होते, निघाले नाही, मग लग्न, मग हे दुबई. आजूबाजूच्या मराठी बायका पुण्या-मुंबईच्या, कुणी बँकेत, कुणी शाळेत, त्यांच्यात मला बोलायला व्हायचं नाही. सकाळी हे गेले की दिवसभर मी आणि म्हातारी.

ती सिरियाकडची. उंच, हाडकुळी, बारा महिने काळा झगा. लग्नाच्या गाऊनवर मणी आणि सोनेरी तार भरायची एका टेलरिंगच्या दुकानासाठी, घरी बसून. छातीवर सुया खोचलेल्या असायच्या, त्यामुळे पोर तिच्याकडे द्यायची तर मी आधी म्हणायचे, "तांत, सुई निकालो." त्यांच्यात मोठ्या बाईला तांत म्हणतात, आपण मावशी म्हणतो तसं. नवरा जाऊन जमाना झालेला. पोरंबाळं नाहीत. आखातात इतकी वर्षं काढलेली की हिंदी यायचं, पण कसं, भांडी आपटल्यासारखं.

तिला अरब म्हटलेलं चालायचं नाही. खालचा केरळी दुकानदार एकदा पोऱ्याला ओरडला, "वो अरबी मम्मी का लबान ऊपर देके आ." तिनं खिडकीतून ऐकलं. लबान म्हणजे ताक, ते तिनं तसंच परत पाठवलं. मग स्वतः जिना उतरून गेली आणि भर दुकानात म्हणाली, "मैं अरब नहीं. मैं रूमी. याद रखो, फिर लबान भेजो."

रूमी म्हणजे कोण ते मला कुठून कळणार? तर तिनं सांगितलं की एक राज्य होतं, हजार वर्षांच्या वर चाललं. समुद्राच्या काठी मोठं शहर, सोन्याचे घुमट, देवाच्या मोठ्या घरात एका वेळी इतके दिवे की खलाशांना लांबून दिसायचे. आम्ही त्या राज्याची माणसं. राज्य गेलं, आम्ही आहोत.

मी म्हटलं, "कितने हैं अभी?"

तिनं चष्म्यावरून भिंती बघितल्या. "इस बिल्डिंग में? एक."

मला हसूच आलं. तीही हसली आणि सुईत दोरा ओवायला लागली.

मंगळवारी ती नवीन काम धरायची नाही. जुनं करेल, उसवेल, मणी वेगळे करेल, पण नवा गाऊन मंगळवारी आला की चादर टाकून ठेवायची. दुकानवालीला पण सवय झाली होती. मला हे खटकायचं. आमच्यात मंगळवार गणपतीचा, उलट चांगला.

"मंगळवार को क्या हुआ?"

"मंगळवार को हमारा शहर गया."

असं म्हणाली की मला वाटलं परवाच्याच मंगळवारी. कुणाच्या घराला आग बिग लागली की काय. मी म्हटलं, "कौनसा मंगळवार, तांत? इस हफ्ते का?"

"पाच सौ साल हुआ. थोडा ज्यादा."

मी यांना रात्री सांगितलं तर हे पोट धरून हसले. "अगं पाचशे वर्षं झाली तरी सुतक धरून बसलीय म्हातारी!"

आणि काटा. तो खायचा काटा. ती सगळं काट्यानं खायची. वरणभातसुद्धा. मी चपाती दिली की तिचे चौकोनी तुकडे करून काट्याला टोचून खायची, बघवायचं नाही. मी हातानं जेवायला लागले की नाक मुरडायची. एक दिवस म्हणाली, हा काटा आम्ही दिला सगळ्या युरोपला. आमची एक राजकन्या लग्न होऊन तिकडे गेली, रुखवतात काटा घेऊन गेली. तिथले लोक तोवर हातानं खायचे, तुझ्यासारखे. तिथला पाद्री चिडला, म्हणाला देवानं बोटं दिलीत तर ही काट्याची थेरं कशाला.

"पाद्री सही बोला," मी म्हटलं आणि भात कालवला.

तर अशी बघितली माझ्याकडे! मग म्हणाली, "वो शहजादी प्लेग में मर गई. पाद्री बोला, देखो, कांटे का सजा." आणि काट्यानं आणखी एक तुकडा टोचला. "मरी तो मरी. कांटा तो रह गया ना?"

तिच्या खोलीत कोपऱ्यात देव होते. लाकडाच्या फळीवर सोनेरी रंग, त्यात काळ्यासावळ्या तोंडाची एक आई, मांडीवर पोर. आईचे डोळे असे की तुम्ही कुठंही जा, तुमच्याकडेच बघणार. पुढं लाल काचेत तेलाचा दिवा. आमचा देव्हारा त्याच भिंतीला, पण अलीकडून. हे म्हणायचे, "बरंय, भिंतीचे दोन्हीकडून पैसे वसूल." सकाळी मी इकडं उदबत्ती लावायची, ती तिकडं धूप, आणि दोन्ही वास मिळून किचनमध्ये यायचे. ती म्हणायची ते अरबीत, पण मध्येच एक वेगळंच यायचं, किरियेलेसोन, किरियेलेसोन, चढवून, उतरवून, गाण्यासारखं. मी विचारलं याचा अर्थ काय. म्हणाली, ही आमच्या शहराची भाषा. दया कर. एवढंच येतं मला, बाकी भाषा गेली.

"फक्त एवढंच?"

"बस इतना. काफी है. और क्या मांगना?"

तिच्या उशीवर तिनंच भरलेला पक्षी होता, सोनेरी तारेचा, दोन डोक्यांचा. तो बघून मी पहिल्यांदा दचकले. मग आठवलं, अरे हा तर आमच्या गावच्या देवळाच्या खांबावर आहे! गंडभेरुंड. आजोबा दाखवायचे. मी तिला तसं सांगितलं तर तिनं हातातलं काम टाकलं. "तुम्हारे गांव में? पत्थर में? दो सर?" हो म्हटलं. ती उठली, माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि म्हणाली, "देखो, हमारा लोग वहां तक गया था." आता तो पक्षी त्यांच्याकडून आमच्याकडे आला की आमच्याकडून त्यांच्याकडे गेला, मला काय माहीत. मी नाही म्हटलं नाही. एवढी खूश झालेली मी तिला कधी बघितली नव्हती.

पण एकदा मी तिला रडवलं. अगदी चांगल्या मनानं. ती त्या शहराचं नाव घ्यायची, कुस्तुन्तिनिया, कुस्तुन्तिनिया, आणि तुर्क आले, भिंत फुटली, असं सांगत होती, आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. मला येत होतं ते! मी शाळेत म्हणतात तसं ताठ बसून म्हटलं, "इ. स. १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकून घेतले." आणि मग हिंदीत करून सांगितलं.

तिची सुई हातातच राहिली. "तुम को कौन बताया?"

"स्कूल में. किताब में है. परीक्षा में आता है."

"तुम्हारे गांव में? बच्चा लोग पढ़ता है? हमारा शहर?" तिचे डोळे भरलेच.

"सब पढ़ते. एक मार्क का है."

"क्या एक मार्क?"

"मतलब, सवाल एक मार्क का. तारीख लिखो, एक मार्क मिलता."

तिनं सुई कापडात खोचली. मग हळू म्हणाली, "हजार साल. एक मार्क."

मला इतकं वाईट वाटलं. मी म्हटलं, "कभी कभी दो मार्क को भी आता है, तांत. कारणे द्या में." पण तिनं तोंड भिंतीकडे केलं होतं. नाव, गाव, राजा, राणी, सगळं एकटीच्या डोक्यात घेऊन ती करामात बसलेली, आणि तिला एकच घोर होता, तो ती मला पुन्हा पुन्हा सांगायची, भांडी घासताना, पोरीला मांडीवर घेऊन, लिफ्टची वाट बघताना. माझ्यामागं कुणी नाही. मी मेले की आमच्यातलं शेवटचं माणूस जाईल. जगात असतील कुठं कुठं, पण माझं असं कुणी नाही. मी म्हणायचे, "तांत, ऐसा मत बोलो." अजून काय म्हणणार?

शनिवारी ती मेलेल्यांसाठी गहू उकडायची. साखर, डाळिंबाचे दाणे, वर बदाम लावून. आणि एकेकाचं नाव घ्यायची, आई, बाप, नवरा, आणि शेवटी तो राजा, शहर पडलं त्या दिवशी भिंतीवर लढता लढता गेलेला. जसा काही दीर होता तिचा. मी सांगितलं आम्ही पण घास ठेवतो, कावळ्याला. तर तिनं एक वाटी बाहेर एसीवर ठेवली. कावळा आला नाही, करामात कुठले कावळे, साळुंक्या आल्या आणि डाळिंब खाऊन गहू उडवून गेल्या. "तुम्हारा चिड़िया बदतमीज है," म्हणाली.

आता ती दुपार.

माझी पोर तेव्हा पाच महिन्यांची. बारसं व्हायचं होतं. नाव आत्यानं ठेवायचं, कानात कुर्र करून, आणि आत्या गावाला. यांना सुट्टी मिळेना, म्हणून सगळे नुसते सोनी, छकुली म्हणायचो. सासूबाई फोनवर बजावायच्या, "नाव आम्ही ठेवणार हां, तिकडं काही ठेवू नका." तर पोर बिननावाची. हे म्हातारीला फार लागायचं. "पाच महीना! नाम नहीं! यल्ला, चलो, कुछ तो बोलो इसको."

ताप सकाळपासून. दुपारी झटके आले. मी कधी बघितले नव्हते, मला वाटलं संपलं. म्हातारीलाही तेच वाटलं. तिनं काय केलं ते सांगितलंच. पाणी गार होतं, ते तिचं, कारण तिकडं उन्हाळ्यात नळाला कढत पाणी येतं, ती आदल्या दिवशी भरून ठेवायची.

मी भिजलेली पोर छातीशी धरून जिन्यानं खाली पळाले, पायात चप्पल नाही. केरळी दुकानदारानं टॅक्सी थांबवली, स्वतः बसला बरोबर, दुकान उघडं टाकून. हॉस्पिटलात नेईपर्यंत पोर रडायला लागली होती. डॉक्टरीणबाई आपलीच, मुंबईची. म्हणाली तापाचे झटके, लहान मुलांना येतात, वाचली, घाबरू नका. मग म्हणाली, "अंग ओलं कसं?" मी म्हटलं, पाण्यात घातली. "असं बुडवायचं नसतं बाई, श्वास अडकला असता तर?" मी मान डोलवली. खरं कुणी केलं ते बोलले नाही.

हे आले, तोंड पांढरंफटक. आणि यांच्या मागोमाग म्हातारी आली, झगा अजून ओला, खांदा धरलेला. मी तिला वऱ्हांड्यातच गाठलं. तोवर माझ्या डोक्यात थोडं थोडं शिरलं होतं की ते नुसतं पाणी नव्हतं.

"तांत, इनको मत बोलना. मैं पैर पड़ती."

"क्यों? मैंने चोरी किया?"

"समझो ना. ये गुस्सा करेंगे. इनकी मां है, बहन है."

"नाम छुपाने का चीज नहीं."

आणि सरळ यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. "बेटा, बच्ची मर रहा था. पादरी नहीं था. हमारे में ऐसे टाइम बप्तिस्मा कोई भी दे सकता है, तो मैंने दिया. पानी तीन बार. नाम रखा, हिलाने. हमारा पहला राजा, उसका मां का नाम. बड़ा मलिका. अब वो हमारा भी है."

हे आधी समजलेच नाहीत. मग समजले. ओरडले नाहीत, तेच वाईट. "माझ्या पोरीला बाटवलीस?" मराठीतच म्हणाले, तिला कुठलं कळणार. मग माझ्याकडे वळले. "आणि तू कुठं होतीस?"

"फोन लावत होते. तुम्हाला."

त्याच महिन्यात आम्ही दुबईतच लांब कुसैसला खोली घेतली. यांचं सगळं चूक होतं असं नाही म्हणत मी. परका देश, नोकरी, कुठं काही बोभाटा झाला तर? गावाला कळलं तर? मला म्हणाले, "ही गोष्ट आपल्या दोघांत मेली. कळलं?" कळलं म्हटलं.

सामान बांधताना म्हातारी दारात उभी होती. आत आली नाही. मी रागानं कपडे कोंबत होते. म्हटलं, "क्यों किया तांत? मेरा बच्चा था. मुझे पूछना था."

तेव्हा तिनं सांगितलं, जे इतक्या दिवसांत कधी सांगितलं नव्हतं. तिला एक मुलगी झाली होती. चाळीस दिवस व्हायच्या आधी गेली. नाव नव्हतं, पाणी नव्हतं. शनिवारी सगळ्यांची नावं घेते, तिचं काय घेऊ? काय म्हणून हाक मारू? "ऊपर इतना भीड़ है. बिना नाम का बच्चा को कौन ढूंढेगा? मैं डर गई. तुम्हारा वाला अकेला जाएगा. मैंने बोला, हिलाने बोल के भेजती हूं, हमारा लोग है उधर, संभालेगा."

मी हातातले कपडे खाली टाकले. पोर तिच्या हातात दिली. सुया काढायला सांगायचं विसरले, तर तिनंच आधी काढून ठेवल्या होत्या.

पुढं गावाला जाऊन बारसं झालं. आत्यानं कुर्र केलं, सायली नाव ठेवलं. पेढे वाटले. मी पाळण्याची दोरी ओढत होते आणि सगळ्या बायका गात होत्या, आणि मला दिसत होता तो निळा टब. 

दुबईला परत आल्यावर मी म्हातारीला चोरून फोन करायची, हे कामाला गेले की. ती विचारायची, "हिलाने को दांत आया? हिलाने चलती है?" मी म्हणायची, हो चालते. सायली म्हणून तिला दुरुस्त करावं असं मनात यायचं, केलं नाही. ते नाव माझ्या तोंडानं कधी घेतलंही नाही. भेटायला मात्र गेले नाही. भीती. सायली मोठी झाली, ऊद मेथा भागातल्या शाळेत जायला लागली, मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर. 

मग एक दिवस टेलरिंगच्या दुकानातल्या गोवेकर मुलीचा फोन आला. तांत हॉस्पिटलात आहे, आता काही खरं नाही, सारखी हिलाने कुठाय विचारते. आम्ही कुणाला ओळखत नाही या नावाचं, तुमचा नंबर तिच्या फोनपाशी होता. हिलाने कोण हो?

मी यांना सांगितलं. लपवलेले फोनही सांगितले. वाटलं आता घर डोक्यावर घेणार. हे बूट काढत होते, ते तसेच थांबले. मग परत घातले. "चल. माणूस मरतंय. पण ते नाव नको."

म्हातारी एवढीशी झाली होती. तिच्याजवळ कुणीच नव्हतं, एक नर्स फक्त. मी म्हटलं, "तांत." तिनं माझ्याकडे बघितलंच नाही, सायलीकडे बघितलं.

"हिलाने?"

"नो आंटी. आय ॲम सायली."

म्हातारीनं मान माझ्याकडे वळवली. डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसती धास्ती, जशी त्या दुपारी माझ्या डोळ्यांत असेल. "ये मेरी है ना? बोलो. एक तो है ना मेरे बाद?"

हे पलंगाच्या पायथ्याशी उभे. सायली माझा पदर धरून. नर्ससुद्धा थांबली. मला सासूबाई दिसल्या, देव्हारा दिसला, यांचं तोंड दिसलं. आणि समोर ती, हजार वर्षांचं सगळं तिच्यापाशी आणि द्यायला कुणी नाही.

मी म्हटलं, "है, तांत. हिलाने तुम्हारी है."

तिनं हात उचलला. सायली पुढं झाली, तिला काय कळलं कुणास ठाऊक, तिनं डोकं त्या हाताखाली धरलं. म्हातारी तिला त्या भाषेतलं येत होतं तेवढंच म्हणाली, किरियेलेसोन, दया कर, मग ओठच हलत राहिले. दुसऱ्या दिवशी गेली.

परत येताना सायली मागच्या सीटवर बसली. सिग्नलला हे म्हणाले, "मरणाऱ्या माणसाला म्हणालीस, त्याचं मला काही नाही. पण पोरीनं ऐकलंय."

मागून सायलीनं विचारलं, "मम्मी, आंटी सेड आय ॲम हर्स. यू सेड येस. सो व्हॉट ॲम आय?"

सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले. यांनी गाडी काढली नाही. आरशातून माझ्याकडे बघत राहिले, मी काय सांगते म्हणून. मी तेव्हा काही सांगू शकले नाही आणि अजून सांगितलेलं नाही, आणि पोर अजून विचारते, जेवताना, वेणी घालताना. तू सायली, बाकी काही नाही, असं म्हटलं तर त्या म्हातारीला मी मरताना फसवलं. आणि हो म्हटलं तर नवऱ्याला फसवलं, आणि पोरीच्या डोक्यावर ते सगळं गेलेलं राज्य ठेवलं, जे तिनं मागितलं नव्हतं. तुमच्या पण पोरी आहेत ना? मग सांगा मला, तुम्ही काय सांगितलं असतं?